घरच्या स्विमिंग पूलसाठी ऑटोमॅटिक क्लीनर: आधी पूल मोजा, मग मशीन बघा

लोणावळा, कर्जत, अलिबाग, गोवा या भागांतल्या बंगल्यांच्या पंपरूममध्ये बऱ्याचदा एखादा ऑटोमॅटिक क्लीनर (पूलचा तळ आपोआप साफ करणारं मशीन) धूळ खात पडलेला दिसतो. मशीन बिघडलेलं नसतं, पण त्या पूलला ते जमत नाही. कुठे पाइपला खेच कमी पडते, कुठे केबल पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कुठे गुळगुळीत टाइल्सवर ब्रश नुसते घसरतात. गडबड खरेदीच्या क्रमात झालेली असते. आधी मशीन आवडतं, मग भाव जमतो आणि पूलचा विचार खोकं उघडल्यावर सुरू होतो.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन टप्प्यांत एक रुपयाही खर्च होत नाही आणि निम्मे पर्याय तिथेच गळतात.

## १. पूलची नोंद कागदावर करा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "पूल किती मोठा?" आणि बहुतेक जण फक्त लांबी सांगतात. तेवढ्यावर काही ठरत नाही. मोजपट्टी घेऊन पूलपाशी जा आणि पुढच्या गोष्टी लिहून काढा.

लांबी, रुंदी आणि दोन्ही टोकांची खोली. समजा पूल ८ मीटर बाय ४ मीटर आहे, उथळ टोक ०.९ मीटर आणि खोल टोक १.५ मीटर. सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे पाणी ३८,४०० लिटर. पण क्लीनरला पाण्यापेक्षा पृष्ठभागाशी काम असतं. या पूलचा तळ ३२ चौरस मीटर आहे, तर चार भिंती मिळून जवळपास २९ चौरस मीटर भरतात. भिंतीही साफ करून हव्या असतील तर मशीनचं काम जवळजवळ दुप्पट होतं. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा फक्त तळाचा असतो. बॅटरीवरचं मशीन घेताना हा हिशोब हमखास चुकतो.

आतलं फिनिश. काचेची मोझॅक, व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल, फायबरचा तयार पूल की खरखरीत प्लास्टर? हे नीट लिहा, पाचव्या टप्प्यात लागणार आहे.

अडथळे. पायऱ्या, स्टीलची शिडी, बसायचा कट्टा, पाय सोडून बसायची उथळ पायरी, तळाच्या ड्रेनची जाळी. ड्रेनची जाळी तळापासून वर आलेली असेल तर किती, ते बोटाने चाचपून बघा. उंच आलेल्या जाळीवर मशीन पोट टेकून अडकतं, चाकं हवेत फिरत राहतात. जुन्या पूलमध्ये ही जाळी बदलून सपाट बसवून घेणं नवीन मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

काठ कसा आहे. स्किमरचा (भिंतीतल्या तोंडातून वरचं पाणी ओढून घेणारा) पूल, चारही बाजूंनी पाणी वाहून जाळीच्या नालीत पडणारा ओव्हरफ्लो पूल की एका बाजूने पाणी खाली कोसळणारा इन्फिनिटी पूल.

तपासा: उथळ पायरीवर पाणी २०–३० सेंटिमीटरच असेल तर बहुतेक रोबोट (स्वतःच्या पंपावर चालणारे क्लीनर) तिथे काम करत नाहीत. त्यांना पाण्यात पूर्ण बुडावं लागतं, नाहीतर पंप हवा ओढतो. तेवढी जागा हातब्रशनेच घासावी लागेल, हे आधीच धरून चाला.

## २. घाण कोणती पडते ते आठवडाभर बघा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. दोन पूल मापाने अगदी सारखे असले तरी त्यांना वेगळे क्लीनर लागू शकतात, कारण त्यांत पडणारी घाण वेगळी असते. आठवडाभर रोज सकाळी, पंप सुरू करण्याआधी, तळ नीट बघा. जमलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मोठा पालापाचोळा. आंबा, फणस, बदाम, सिल्व्हर ओक. पानं मोठी असली तर मशीनचं तोंड रुंद हवं आणि गाळण पिशवी किंवा टोपली मोठी हवी. अरुंद तोंडात एक पान आडवं बसलं की पुढचं काम थांबतं.

बारीक पाला. गुलमोहराच्या पर्णिका आणि अलिबाग पट्ट्यातल्या सुरूच्या काड्या. दिसायला निरुपद्रवी, पण सर्वात त्रासदायक याच. सुरूची काडी ब्रशच्या रोलरला गुंडाळते, पंपाच्या टोपलीच्या भोकांत उभी शिरते आणि पाइपच्या कोपरात साठते. पूलच्या काठाला सुरूची झाडं असतील तर सक्शनचा, म्हणजे पूलच्या पंपाच्या खेचीवर चालणारा, क्लीनर घेऊ नका, असंच मी सांगेन. रोज पाइप मोकळा करायला कोणाला वेळ नसतो.

वाळू आणि खडे. काठावर गवत किंवा खडी असेल तर पायांबरोबर येतात. बहुतेक मशीनना जमतात.

बारीक लाल माती. कोकण-गोव्यात जांभ्याची धूळ आणि पावसात उतारावरून येणारं गढूळ पाणी. इथे थोडं थांबायला हवं. साध्या रोबोटची जाळी साधारण १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून मोठे कण अडवते, बारीक जाळी ५०–६० मायक्रॉनपर्यंत जाते. सँड फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडतो. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनहूनही लहान असतो. म्हणजे ही माती रोबोटच्या जाळीतून जाते आणि सँड फिल्टरमधूनही जाते. तिला तुरटी किंवा फ्लॉक्युलंट (कण एकत्र आणून खाली बसवणारं रसायन) टाकून खाली बसवावं लागतं आणि हाताने, फिल्टरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह "वेस्ट"वर (पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर जाईल असा) ठेवून, बाहेर ओढून टाकावं लागतं.

सावधान: तुरटीने गाळ बसवल्यावर रोबोट पाण्यात सोडू नका. तळावर राखाडी-लाल मऊ थर बसलेला असतो. रोबोट त्यावरून गेला की मागे धुराचे लोट उठतात, जाळीतून सगळा गाळ परत पाण्यात येतो आणि तासाभरात पूल दुधाळ दिसू लागतो. रात्रभराची मेहनत वाया जाते आणि दोष मशीनला दिला जातो.

शेवाळ. हिरवा बुळबुळीत थर क्लीनर खरवडतो, मारत नाही. शेवाळ वारंवार येत असेल तर क्लोरीन, पीएच किंवा पाण्याचं फिरणं यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६ यांत आल्याशिवाय क्लीनरची खरेदी पुढे ढकला.

पाणरेषेवरचा पट्टा. सनस्क्रीन आणि तेलाचा चिकट थर, बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे डाग. चिकट थर पाणरेषेपर्यंत चढणारा रोबोट बऱ्यापैकी काढतो. क्षाराचा पांढरा थर एकदा घट्ट बसला की रोबोटने निघत नाही. तो हाताने, टाइलला चालेल अशा क्लीनरनेच काढावा लागतो.

## ३. पंपरूम आणि वीज तपासा

पंपरूममध्ये जाऊन चार गोष्टी बघा.

व्हॅक्यूम पॉइंट (पूलच्या भिंतीतलं, पाइप लावून घाण ओढायचं तोंड) आहे का आणि तो चालतो का? हाताने चालवायच्या व्हॅक्यूम हेडला दांडा आणि पाइप लावा, फिल्टर बॅकवॉश करून (पाणी उलटं सोडून धुवून) घ्या आणि पूलच्या सर्वात लांबच्या कोपऱ्यात हेड ठेवून बघा. हेड तळाला घट्ट चिकटून ओढलं जात असेल तर खेच पुरेशी आहे. सैल सरकत असेल तर सक्शन क्लीनर त्या पूलमध्ये चालणार नाही. कॅटलॉगमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही चाचणी जास्त भरवशाची आहे.

काठावर टांगायच्या, पाइपलाइन नसलेल्या फिल्टर युनिटचा पूल असेल तर व्हॅक्यूमची सोय आहे का ते युनिटवरच बघा. नसेल तर सक्शनचा विषय संपला.

पूलपासून किमान साडेतीन मीटरवर, सावलीत, पावसाची झड न लागणारा सॉकेट आहे का? अर्थिंग आहे का? त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आहे का? नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाण्याजवळच्या विजेत तडजोड करायची नाही.

आणि पाणी कुठून येतं? मे महिन्यात टँकर मागवावा लागत असेल तर हा मुद्दा मोठा आहे. सक्शन क्लीनर सगळी घाण सँड फिल्टरमध्ये टाकतो, त्यामुळे बॅकवॉश वाढतो. ताशी १०,००० लिटरच्या पंपावर तीन मिनिटांचा बॅकवॉश म्हणजे ५०० लिटर पाणी गटारात. रोबोटची टोपली बादलीभर पाण्यात धुतली जाते.

सावधान: व्हॅक्यूम पॉइंटचं झाकण उघडं ठेवून पंप चालू ठेवू नका. त्या खेचीत लहान मुलाचा हात किंवा केस अडकू शकतात. स्प्रिंगचं, आपोआप बंद होणारं झाकण बसवून घ्या.

## ४. आता प्रकार ठरवा

सक्शन क्लीनर. पूलच्याच पंपाच्या खेचीवर चालतो. सर्वात स्वस्त, विजेची केबल पाण्यात नाही, सुटे भाग कमी. पण तो चालू असताना स्किमरची किंवा ओव्हरफ्लोची खेच कमी होते, म्हणून वर तरंगणारा पाला तसाच राहतो. फिरण्याला दिशा नसते, काही कोपरे सुटतात. लहान, चौकोनी, शिडी नसलेला पूल, धूळ आणि वाळूची घाण, पंप चांगला आणि पाण्याची टंचाई नाही, अशा ठिकाणी घ्या. पाइपची लांबी व्हॅक्यूम पॉइंटपासून सर्वात दूरच्या कोपऱ्यापर्यंत आणि वर एक तुकडा जादा, एवढीच ठेवा. जास्त लांब पाइप स्वतःभोवती वेटोळं घालून क्लीनरला एकाच जागी फिरवत ठेवतो.

प्रेशर क्लीनर. परत येणाऱ्या पाण्याच्या दाबावर चालतो आणि पाला स्वतःच्या पिशवीत गोळा करतो. मोठ्या पानांना उत्तम. मात्र चांगल्या मॉडेलना वेगळा बूस्टर पंप आणि भिंतीतून स्वतंत्र लाइन लागते. पूल बांधत असाल तर विचार करा. तयार पूलमध्ये त्यासाठी टाइल्स फोडू नका.

केबलचा रोबोट. ट्रान्सफॉर्मरमधून कमी दाबाची वीज घेतो, स्वतःचा पंप, स्वतःची गाळणी. पूलच्या पंपाशी संबंध नाही. वर्षभर राहत्या घराला आणि नियमित भाड्याने जाणाऱ्या बंगल्याला माझी पहिली पसंती याला आहे. दोन-अडीच तासांची फेरी, भिंती आणि पाणरेषेसकट, रोज किंवा दिवसाआड करता येते. विजेच्या बचतीचा दावा मात्र तपासून घ्या. रोबोट स्वतः कमी वीज खातो हे खरं, पण पाणी गाळण्यासाठी पूलचा पंप तुम्हाला तरीही चालवावाच लागतो.

बॅटरीचा रोबोट. केबल नाही, सॉकेट नाही, गुंता नाही. पूलजवळ वीज नेणं कठीण असेल किंवा लोडशेडिंग असेल तिथे चांगला. पण पहिल्या टप्प्यातला पृष्ठभागाचा आकडा हातात ठेवा. एका चार्जमध्ये तळ आणि भिंती दोन्ही होतात का, हे लेखी विचारा. काम संपल्यावर तो तळाशी किंवा भिंतीला लागून थांबतो आणि आकड्याच्या दांड्याने वर ओढावा लागतो. हे काम करायला रोज माणूस आहे का?

या शेवटच्या प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या बंगल्यात मशीन चालवणार केअरटेकर किंवा माळीदादा. ॲप, वायफाय आणि वेळापत्रकाचं मॉडेल घेतलं आणि फोन मालकाच्या खिशात पुण्यात राहिला, तर मशीन कधीच चालणार नाही. एका बटणावर सुरू होणारं मॉडेल घ्या.

## ५. रोबोट असेल तर: केबल, ब्रश, टोपली

केबल. ट्रान्सफॉर्मर शक्यतो लांब बाजूच्या मधोमध ठेवा. १० बाय ५ मीटरच्या पूलला असं ठेवलं तर दूरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर, खोली आणि थोडी ढील धरून साधारण साडेतेरा मीटर केबल पुरते. तोच ट्रान्सफॉर्मर आखूड बाजूला ठेवला तर १७ मीटर लागते. सॉकेटची जागा ठरल्याशिवाय केबलची लांबी ठरवू नका. गरजेपेक्षा जास्त केबल पाण्यात सोडली की पीळ पडतो. गुंता टाळणारा फिरता जोड असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

ब्रश. खरखरीत प्लास्टरवर रबरी किंवा पीव्हीसीचे ब्रश चालतात. काचेची मोझॅक, चकचकीत टाइल आणि फायबर यांवर ते भिंत चढताना घसरतात. तिथे पीव्हीए फोमचे, स्पंजासारखे ब्रश हवेत. कोरडे असताना ते कडक असतात, पाण्यात मऊ होऊन पकड धरतात. फोमचे ब्रश लवकर झिजतात, म्हणून त्यांचा जादा सेट मिळतो का हे आताच विचारा. "भिंत चढत नाही" ही तक्रार पुष्कळदा नुसते ब्रश बदलून सुटते.

टोपली. वरून उघडणारी हवी. खालून उघडणाऱ्या पिशवीसाठी ओलं, जड मशीन उलटं करावं लागतं आणि मग ते काम टाळलं जातं. साधी आणि बारीक अशा दोन्ही जाळ्या घ्या: पानगळीत साधी, धुळीच्या दिवसांत बारीक.

तपासा: इन्फिनिटी काठ असेल तर पाणरेषेवर चढणारं मशीन त्या बाजूला हवा ओढतं का, काठावर अडकतं का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि डेमोत स्वतः बघा.

## ६. डेमो तुमच्याच पूलमध्ये मागा

विक्रेत्याच्या शोरूममधल्या टाकीत सगळी मशीन छान चालतात. आपल्या पूलमध्ये, आदल्या दिवशी साफ न केलेल्या तळावर, पूर्ण एक फेरी चालवून घ्या आणि शेवटपर्यंत बघा. शिडीमागे अडकलं का? ड्रेनवर थांबलं का? खोल टोकाकडून परत आलं का? भिंतीवर पाणरेषेपर्यंत गेलं की निम्म्यातून घसरलं? शेवटी टोपली उघडून आतली घाण पांढऱ्या बादलीत ओता. दुसऱ्या टप्प्यात तुम्ही जी घाण पाहिली, तीच त्यात दिसायला हवी.

डेमो देणार नसतील तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.

सौदा करताना किमतीआधी सुट्या भागांचं बोला. ब्रश, पट्टा, जाळी, केबल आणि मोटर यांचे आजचे भाव लेखी घ्या. दुरुस्ती कुठे होते, नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, मोटर आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी आहे का? परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या मशीनला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही. व्होल्टेजही तपासा, ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला तर जळतो.

## ७. पहिली फेरी

क्रम चुकवू नका.

१. जाळीने तरंगणारा आणि तळाचा मोठा पाला काढा. पहिल्याच दिवशी टोपली पाच मिनिटांत भरली तर बाकीचा वेळ मशीन नुसतं फिरतं.

२. क्लोरीन आणि पीएच मोजा. शॉक डोस (एकदम जास्त क्लोरीन) दिला असेल तर क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली येईपर्यंत मशीन बाहेर ठेवा. जास्त क्लोरीनने रबर, ब्रश आणि केबलचं आवरण लवकर खराब होतं.

३. पूलमध्ये कोणी नाही याची खात्री करा. रोबोट पाण्यात असेपर्यंत कोणीही उतरायचं नाही, मुलांनाही हे सांगून ठेवा.

४. केबल पूर्ण उलगडून काठावर सरळ पसरा, मग मशीन हँडलला धरून पाण्यात सोडा. हलक्या हाताने तिरकं करून आतली हवा निघू द्या. बुडबुडे थांबले आणि ते तळाला बसलं की मगच सुरू करा.

५. फेरी संपल्यावर आधी वीज बंद. केबलने फक्त काठापर्यंत हळू ओढा, पाण्याबाहेर मात्र हँडल धरूनच काढा. आत पाणी भरलेलं असतं, त्या वजनाने केबलचा जोड सैल होतो आणि पाणी मोटरपर्यंत पोहोचतं.

६. टोपली लगेच धुवा. वाळलेली माती जाळीच्या भोकांत घट्ट बसते. मिठाच्या क्लोरिनेटरचा (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा) पूल असेल तर मशीनही साध्या पाण्याने धुवून घ्या.

तपासा: पहिल्या आठवड्यात फेरीनंतर नेहमी एकच पट्टा सुटतो का ते बघा. तसं असेल तर केबल कुठून पाण्यात जाते ती जागा बदला, बऱ्याचदा तेवढ्याने फरक पडतो.

## ८. सांभाळ

मशीन पाण्यात ठेवून जाऊ नका. आठवडाभर बुडून राहिलं की सील, ब्रश आणि केबल तिन्ही झिजतात. उन्हातही ठेवू नका. पंपरूममध्ये क्लोरीनचे डबे असतात, त्यांच्या शेजारी तर नकोच, त्या वाफेने धातूचे भाग आणि प्लग गंजतात. ट्रॉलीवर, सावलीत, केबल सैल गुंडाळून ठेवा. केबलला पीळ पडला असेल तर ती सरळ पसरून तासभर उन्हात ठेवा, गरम झाली की पीळ सुटतो.

पावसाळ्यात काही बंगले महिनोन् महिने बंद असतात. त्या आधी ब्रशच्या रोलरला गुंडाळलेले केस आणि काड्या कात्रीने कापून काढा, टोपली पूर्ण वाळवा आणि ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी उंचावर ठेवा. बॅटरीचं मशीन साधारण अर्धं चार्ज करून ठेवा आणि केअरटेकरला महिन्यातून एकदा चार्ज बघायला सांगा. पूर्ण रिकामी होऊन महिनोन् महिने पडलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्ज घेईलच असं नाही. बंगला उघडल्यावर पाणी गढूळ असेल तर क्रम असा: पाला जाळीने, मग शॉक क्लोरीन, मग तुरटी, मग गाळ हाताने "वेस्ट"वर, मग कमी झालेलं पाणी भरून घेणं. तळ स्वच्छ दिसू लागला आणि क्लोरीन ३ पीपीएमखाली आलं की मग रोबोट.